अपघात की ‘गंभीर घटना’? प्रवासी किती घाबरले यावर ते ठरत नाही

विमानाची बातमी देताना आपल्याकडे एकच अलिखित नियम पाळला जातो: प्रवाशांची पाचावर धारण बसली की ‘भीषण अपघात’, आणि सगळे धडधाकट उतरले की ‘थोडक्यात बचावले’. व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. खरं तर अपघात आणि गंभीर घटना हे दोन वेगळे कप्पे आहेत. इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, ॲनेक्स १३ मध्ये (अपघात-तपासाच्या परिशिष्टात) त्यांच्या व्याख्या दिलेल्या आहेत आणि भारताचे तपास-नियमही त्यांच्यावरच बेतलेले आहेत.

अपघात कशाला म्हणतात हे साधारण ठाऊक असतंच. उड्डाणासाठी पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत त्या विमानामुळे कुणी दगावलं, गंभीर जखमी झालं, विमानाच्या सांगाड्याचं मोठ्या दुरुस्तीचं नुकसान झालं किंवा विमानच बेपत्ता झालं, तर तो अपघात. विमान हवेत असायलाच हवं असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान मागे ढकललं जात असताना, एअर इंडियाचा तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. विमान जमिनीवरच होतं, पण प्रवासी आत बसलेले होते, म्हणून तो विमान अपघातच. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात देखभालीचं काम करताना चाकांच्या दारांत सापडून एक तंत्रज्ञ गेला. तिथे उड्डाणासाठी कुणी चढलेलं नव्हतं, त्यामुळे तो मृत्यू या व्याख्येत बसत नाही.

इथवर ठीक. गोची होते ती पुढे.

२० सप्टेंबर २०१८ ला जेट एअरवेजचं मुंबई–जयपूर विमान निघालं तेव्हा केबिनमध्ये हवेचा दाब राखणारी ब्लीड एअरची बटणं चालू करायची राहून गेली. विमान वर चढत गेलं, केबिनमधला दाब उतरत गेला, मास्क खाली आले, काही प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत फिरलं. रक्ताळलेल्या रुमालांचे फोटो देशभर फिरले. तपास झाला तो मात्र ‘गंभीर घटना’ म्हणून. आता दुसरी बाजू बघा. हवेतल्या धक्क्याने ट्रॉलीशेजारी उभी असलेली केबिन क्रूमधली एखादी मुलगी पडते, तिच्या घोट्याचं हाड मोडतं, विमानाला ओरखडाही नाही, बाकीच्यांचा चहासुद्धा सांडलेला नाही. हा अपघात! कारण हाड मोडणं ही व्याख्येनुसार गंभीर इजा आहे. हाता-पायाची बोटं आणि नाक यांचं साधं फ्रॅक्चर तेवढं वगळलेलं आहे. तसंच सात दिवसांच्या आत सुरू होऊन ४८ तासांपेक्षा जास्त लांबलेला रुग्णालयातला मुक्काम हीदेखील गंभीर इजाच.

मृत्यूलाही अशीच रेघ आहे. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला जाणारं स्पाइसजेटचं बोइंग उतरताना प्रचंड हादरलं आणि प्रवासी जबर जखमी झाले. त्यांतला एक सप्टेंबरमध्ये गेला. इकाओच्या हिशेबात मात्र ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यूच ‘प्राणघातक इजा’ म्हणून धरतात. जगभरची आकडेवारी एकसारखी राहावी एवढ्यासाठीच ही मर्यादा आहे. त्यामुळे ‘मृतांचा आकडा दडवला’ असा ओरडा करण्याआधी तारीख बघावी.

मग गंभीर घटना म्हणजे सौम्य अपघात का? अजिबात नाही, आणि हाच गैरसमज मला सगळ्यात जास्त खुपतो. ॲनेक्सच्या टिपेतच म्हटलंय की दोहोंत फरक आहे तो फक्त निष्पत्तीचा. अपघात होण्याची दाट शक्यता होती, पण झाला नाही, ती गंभीर घटना. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं ए३२० विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर (विमानांना धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर) उतरायला निघालं. तिथे प्रवाशांनी भरलेली चार विमानं रांगेत उभी होती. ए३२० जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर येऊन मग वर उचललं गेलं. कुणाला खरचटलं नाही. निष्पत्ती शून्य, पण शक्यता? हजारावर माणसं.

आणि ‘काही झालं नाही ना, मग सोडा’ या वृत्तीची किंमत इथेच दिसते. कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत प्रकरण पोचेस्तोवर ते विमान दुसऱ्या दिवशी पुढच्या उड्डाणाला गेलेलं होतं, आणि कॉकपिटमधल्या संभाषणाच्या दोन तासांच्या रेकॉर्डिंगवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं होतं. धावपट्टी ओळखण्यात घोटाळा नेमका कसा झाला, हे त्या संवादातून कळलं असतं. विमान कोसळलेलं असतं तर रेकॉर्डर आपोआप ताब्यात गेला असता. इथे कुणीतरी वेळेत कळवायला हवं होतं.

गारपिटीने फाटलेल्या विमानाच्या नाकाचे फोटो ‘अपघात’ म्हणून फिरवणाऱ्यांसाठी: मे २०२५ मध्ये श्रीनगरला गेलेल्या इंडिगोच्या विमानाचं फुटलं होतं ते रेडोम, म्हणजे रडारवरचं टोपण. गारांनी किंवा पक्ष्यांनी रेडोमला पाडलेली भोकं व्याख्येतून नाव घेऊन वगळलेली आहेत.

राहिला डीजीसीए (विमान वाहतूक नियामक) आणि एएआयबी (विमान अपघात तपास विभाग) यांच्यातला घोळ: तपास कुणी करायचा? अपघात आणि गंभीर घटना एएआयबीकडे, किरकोळ घटना डीजीसीएकडे. बारीकसारीक अपवाद आहेत, पण बातमी वाचायला एवढं पुरतं.