सेकंदाला १३० ठोके

पार्किन्सनच्या पेशंटचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. आधी हातातला कप हिंदकळतो, कुणीतरी अंगात बसवलेल्या यंत्राचं बटण दाबतं आणि काही सेकंदांत हात स्थिर. खालचे दोन शेरेही ठरलेले: 'मेंदूला शॉक देतात' आणि 'आजार मुळापासून बरा'. दोन्ही चूक.

मध्यमेंदूतल्या डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात, हा मूळ आजार. लेवोडोपाच्या गोळीने ती उणीव काही वर्षं छान भरून निघते. मग गोळीचा असर दोन-तीन तासांवर येतो. तो उतरला की अंग लाकूड, चढला की नको तितकी वळवळ. मेंदूत खोलवर तार बसवून बारीक करंट देण्याचा, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा विचार इथे सुरू होतो.

आता खरी गंमत. मेंदूत खोलवर सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा पेशींचा पुंजका आहे, वालाच्या दाण्याएवढा आणि तसाच चपटा. डोपामिन घटलं की तिथल्या पेशी एकाच ठेक्यात धडधडू लागतात, सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा. याला बीटा लय म्हणतात. निरोगी माणसात हालचाल सुरू होण्याआधी ही लय दबते. पार्किन्सनमध्ये ती नीट दबत नाही. भजनात सगळे टाळ एकदम वाजत असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तसा 'पाय उचल' हा निरोप त्या ठेक्यात बुडतो.

पूर्वी कंप थांबवायला थॅलॅमस या मेंदूतल्याच दुसऱ्या भागाचा छोटा तुकडा जाळत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बारीक करंट देऊन तपासत. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आलीम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये पाहिलं, की करंटचा वेग सेकंदाला १०० ठोक्यांच्या आसपास नेला की कंप थांबतो आणि बंद केला की परत येतो. मग जाळायचं कशाला? तारच तिथे ठेवून द्यायची! पुढे १९९३ मध्ये हीच तार सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये गेली. आज नेहमीचं सेटिंग सेकंदाला १३० ठोके, प्रत्येक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, दोन-तीन व्होल्टचा. म्हणजे दोन पेन्सिल सेलांइतका विजेचा दाब. याला शॉक कसं म्हणायचं? या जलद, एकसुरी ठोक्यांत आजारी लय पुढे सरकत नाही, असं आजचं स्पष्टीकरण. वेग १०-२० वर आणला तर मात्र फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो.

जळगावकराला ठिबक समजावून सांगायला नको. ही तारही ठिबकच्या नळीसारखीच: १.२७ मिलिमीटर जाड, टोकाशी करंट सोडणारे दीड-दीड मिलिमीटरचे चार संपर्कबिंदू. त्यातला कुठला ड्रिपर उघडायचा, हे प्रोग्रॅमिंगमध्ये ठरतं. करंट दोन-तीन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सांडला तर तोंड ओढतं, जीभ जड होते. मागे सांडला तर मुंग्या येतात.

निवडीची परीक्षा साधी आहे. रात्रीपासून १२ तास गोळ्या बंद, सकाळी हालचालींचे गुण, मग गोळी देऊन पुन्हा गुण. किमान ३० टक्के सुधारणा हवी. गोळीने जे सुधारत नाही ते सहसा यंत्रानेही सुधारत नाही. कंप हा अपवाद. तोल जाणं, विसरभोळेपणा तसाच राहतो आणि पेशी मरायच्या थांबत नाहीत.

'बाहेरची हवा लागली' म्हणून दोरा बांधण्यात वर्षं घालवणाऱ्यांना काय म्हणावं! खाजकुहिलीच्या बियांत मात्र खरोखर लेवोडोपा असतं. म्हणूनच ती पूड डॉक्टरांना न सांगता गोळ्यांसोबत घेतली की मात्रेचा हिशेब बिघडतो. चुंबकाचं कडं तर नकोच, जुनी यंत्रं चुंबकाने बंद पडू शकतात.

ऑपरेशनमध्ये मेंदूत रक्तस्रावाचा थोडा पण खरा धोका असतो, शिवाय जंतुसंसर्गाचा. तार घालतानाच्या सुजेनेही सुरुवातीला बरं वाटतं, म्हणून प्रोग्रॅमिंग बहुधा दोन-चार आठवड्यांनी सुरू होतं. पुढचे काही महिने फेऱ्या असतात. नंदुरबार किंवा भुसावळहून मुंबई-पुण्याला किती वेळा जाणं जमेल, हा हिशेब खर्चाच्या आकड्यासोबतच मांडावा. गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या डबीतली साधी बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, मग छोटं ऑपरेशन करून बदलावी लागते. चार्ज होणारी पंधरा वर्षं जाते, पण चार्जिंग चुकलं की कंप परत हजर.

आणि खांदा दुखतो म्हणून शॉर्टवेव्ह डायथर्मीचा (फिजिओथेरपीतला रेडिओलहरींचा) शेक कधीच घ्यायचा नाही, यंत्र बंद केलेलं असलं तरीही. तार ती ऊर्जा पकडते, टोक तापतं आणि भोवतालचा मेंदू भाजतो. फिजिओथेरपिस्टला शर्टाखालची डबी दिसत नाही. टेबलावर झोपण्याआधी ती दाखवायची.