अग्री (इंग्रजी क्रियापद)

अग्री हे इंग्रजीतील बहुधा अकर्मक चालणारे क्रियापद असून मत पटणे, प्रस्ताव कबूल करणे, आपसात ठरवणे, दोन गोष्टींचा मेळ बसणे आणि अन्न किंवा हवा मानवणे हे त्याचे मुख्य अर्थ आहेत. मराठीत यांतील प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र क्रियापद आहे. इंग्रजीत एकच क्रियापद सर्व अर्थ पेलते आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या अव्ययावरून नेमका अर्थ ठरतो.

शब्दाचा आघात दुसऱ्या अक्षरावर असून पहिला स्वर निसटता उच्चारला जातो, म्हणून 'अग्री' हे लेखन मूळ उच्चाराला जवळचे आहे. नाशिक जिल्ह्यात खते-औषधांच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसणारा आणि 'बीएस्सी अ‍ॅग्री' करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असणारा 'अ‍ॅग्री' हा शब्द सर्वस्वी निराळा आहे. तो शेत या अर्थाच्या लॅटिन 'आगेर'पासून आला असून संस्कृत 'अज्र' हा त्याचा सगोत्र आहे. क्रियापदाचे मूळ मात्र 'मर्जीनुसार' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दप्रयोगात आणि त्यामागील 'ग्राटुस', म्हणजे सुखद किंवा प्रिय, या लॅटिन विशेषणात आहे. चौदाव्या शतकात ते इंग्रजीत रुजले. सुखद हवेला 'अग्रीएबल' म्हणतात त्यात हा जुना अर्थ अजून टिकून आहे.

अव्ययांमधील भेद व्यवहाराच्या उदाहरणाने लवकर ध्यानात येतो. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेचा सौदा चालू असताना 'या भावात मजुरीही सुटत नाही' असे बागायतदार म्हणाला आणि व्यापाऱ्याला ते मनोमन पटले, तर तो बागायतदाराशी 'अग्री विथ' झाला. पण एवढ्यावरून तो वाढीव भावाला 'अग्री टू' झाला असे होत नाही, कारण 'विथ'ने मताशी सहमती दाखवली जाते, तर 'टू'ने प्रस्ताव स्वीकारून काही करण्याची तयारी. शेवटी दोघांनी मिळून एक आकडा ठरवला की ते त्या भावावर 'अग्री ऑन' झाले. ब्रिटिश इंग्रजीत, विशेषतः व्यापारी लेखनात, अव्यय गाळून भाव किंवा अटी थेट कर्म म्हणूनही येतात. अमेरिकन वाचकाला ती रचना खटकते. एखादी कृती करण्यास तयार होणे या अर्थी 'टू'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, जसे 'अग्रीड टू सेल', म्हणजे विकायला तयार झाला. मुलीकडच्यांनी स्थळाला दिलेला होकारही 'टू'च्याच घरात बसतो.

मराठी भाषकाची सर्वांत नेहमीची चूक 'आय अ‍ॅम अग्री' ही आहे, आणि ती अजाणतेपणापेक्षा मराठीच्या वळणातून येते. 'मी सहमत आहे' या वाक्यात सहमत हे विशेषण असल्याने 'आहे' लागते; इंग्रजीत मात्र 'अग्री' हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे 'आय अग्री' एवढेच पुरते. मत या अर्थी त्याचे चालू काळाचे रूपही सहसा वापरत नाहीत. याहून खोल फरक 'पटणे' या क्रियापदात दिसतो. 'मला ते पटले' असे म्हणताना पटणारी गोष्ट कर्ता असते आणि माणूस चतुर्थीत असतो, म्हणजे पटणे हे आपल्याकडून केले जात नाही, आपल्याला होते. इंग्रजी वाक्यात मात्र माणूसच कर्ता म्हणून पुढे येतो. उलट 'कबूल करणे' आणि 'मान्य करणे' यांत मराठीतही माणूस कर्ता असतो. म्हणूनच एखादी गोष्ट न पटताही कबूल करता येते, आणि मराठीत हे सांगायला एक वाक्य पुरते. इंग्रजीत दोन्हीकडे 'अग्री' घातले तर घोटाळा होतो. कबूल, राजी, करार हे आपले बाजारातले शब्द अरबी मुळाचे आहेत, ही त्यातली आणखी एक गंमत.

'अग्रीमेंट' हे नाम मराठी बोलीत 'अ‍ॅग्रीमेंट' म्हणून पक्के बसले असून त्याचा अर्थ बहुतेकदा कागद असा घेतला जातो. भारतीय करार अधिनियम, 1872 यातील अर्थ वेगळा आहे. त्याच्या कलम 2 नुसार परस्परांचा मोबदला ठरणारी वचने म्हणजे 'अग्रीमेंट', आणि कायद्याने अमलात आणता येण्याजोगे 'अग्रीमेंट' म्हणजे करार. कलम 13 सांगते की दोन किंवा अधिक व्यक्ती एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करतात तेव्हा त्यांची संमती झाली असे म्हणावे. 'अग्री'ची एवढी आटोपशीर व्याख्या शब्दकोशातही सहसा सापडत नाही. बळजबरी, गैरवाजवी दबाव, कपट, चुकीचे निवेदन किंवा चूक यांमुळे मिळालेली संमती मुक्त मानली जात नाही. तोंडी करारही सामान्यतः वैध असतो. ज्या मुद्रांक कागदावर माणसे करार लिहीत आली तो नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो, परंतु संमती त्या कागदातून निर्माण होत नाही. जमिनीच्या व्यवहारात ज्याला साठेखत म्हणतात ते 'अग्रीमेंट टू सेल', म्हणजे पुढे विकण्याचे वचन. खरेदीखत झाल्याशिवाय मालकी जात नाही. इसार देऊन साठेखत झाले की जमीन आपली झाली, असे समजणारे लोक आजही भेटतात.

जवळच्या क्रियापदांपैकी 'कन्सेंट' परवानगीच्या अंगाने जाते आणि रुग्णालयातील संमतीपत्रात भेटते, 'कंकर', म्हणजे दुसऱ्याच्या मताशी सहमत होणे, हे निकालपत्रांच्या भाषेत, तर विधेयकाला राज्यपाल देतात ती 'असेंट', म्हणजे अनुमती.

व्याकरणातही हे क्रियापद वापरतात. क्रियापद कर्त्याशी 'अग्री' होते, म्हणजे त्याचे रूप कर्त्यानुसार बदलते. इंग्रजीत हा प्रकार वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनातील शेवटच्या 'स'पुरताच जवळजवळ उरला आहे. मराठीत तो लिंग आणि वचन यांनाही लागू होतो, आणि कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळते: 'शेतकऱ्याने कांदा विकला', 'शेतकऱ्याने द्राक्षे विकली'.