थायरॉक्सिनच्या डोसची जुळवणी

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी पुरेसे संप्रेरक तयार करेनाशी झाली, की ती तूट लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेल्या थायरॉक्सिनच्या, गोळीने भरून काढतात. ही तूट प्रत्येकाची वेगळी असते आणि वयोमानाने बदलतही जाते. त्यामुळे रक्त तपासून डोस वेळोवेळी कमीजास्त करावा लागतो.

१८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका स्त्रीवर उपचार केले. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे थायरॉइडचे मुख्य संप्रेरक वेगळे केले, तर १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. पण डोस बरोबर बसला का, हे पुढे कित्येक वर्षे नाडी, वजन आणि रुग्णाचे सांगणे यांवरूनच ठरवत. टीएसएच या थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची तपासणी आल्यावर अनेकांना गरजेपेक्षा जास्त औषध दिले जात होते हे उघड झाले.

टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते आणि थायरॉइडला कामाला लावते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच चढते, जास्त झाले की उतरते. प्रौढांमध्ये साधारण ०.४ ते ४ मिलीयुनिट प्रतिलिटर ही पातळी ठीक मानतात. रिपोर्टमधला आकडा वाढला की गोळीही वाढते, हे उलटे नाते नव्या रुग्णांना हमखास गोंधळात टाकते.

थायरॉइडचे काम जवळजवळ बंद पडले असेल तर निरोगी प्रौढाला रोज किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास डोस लागतो. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना मात्र १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून सावकाश वाढवतात; एकदम पूर्ण डोस दिला तर हृदयावर ताण येतो. पुढचे बदलही बहुधा १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमचेच असतात.

या उपचारात घाई नडते. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या डोसवर पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. पंधरवड्यातच रक्त तपासून डोस बदलला, की आधीच्या बदलाचा परिणाम दिसण्यापूर्वीच दुसरा बदल होतो आणि आकडे वरखाली होत राहतात.

टीएसएच वाढलेले दिसले तरी डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेतली जाते हे विचारलेच पाहिजे. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॉफीने तिचे शोषण घटते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी. रोज सकाळी हे जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. टी४ (रक्तातले थायरॉक्सिन) नॉर्मल किंवा किंचित जास्त आणि टीएसएच मात्र बरेच वाढलेले, असा रिपोर्ट आला, तर बऱ्याचदा गोळ्या मध्ये चुकलेल्या असतात आणि तपासणीच्या तोंडावर पुन्हा नियमित सुरू केलेल्या असतात. टी४ लगेच सुधारते, टीएसएच मागे रेंगाळते. अशा वेळी रागावण्यापेक्षा आपुलकीने विचारलेले बरे, म्हणजे खरे कारण कळते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळेही काही तपासण्यांचे आकडे चुकतात.

गरोदरपणात डोस साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो, तोही दिवस गेल्याचे कळताच, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. इस्ट्रोजेन किंवा फिटच्या काही औषधांमुळे गरज वाढते; वय वाढले अथवा वजन बरेच उतरले तर ती कमी होऊ शकते. गोळीची कंपनी बदलल्यावरही टीएसएच पुन्हा पाहावे.

डोस जास्त झाला तर धडधड, झोप न लागणे, हात थरथरणे सुरू होते. दीर्घकाळ तसेच चालले तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. टीएसएच योग्य असूनही थकवा राहिला, तर डोस चढवत नेण्याऐवजी रक्तक्षय, झोप, नैराश्य यांकडे पाहावे.

दोष पिट्युटरीतच असेल तर टीएसएचवर भिस्त ठेवता येत नाही. डोस मुक्त टी४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले थायरॉक्सिन, पाहून ठरवतात. अशा रुग्णात कॉर्टिसोल हे ॲड्रिनल ग्रंथीचे संप्रेरकही कमी असेल तर आधी ते भरून काढतात, थायरॉक्सिन नंतर. हा क्रम उलटला तर जिवावर बेतू शकते.