लायपोसक्शननंतर टाके की उघडी भोकं, हा प्रश्न आला कुठून

लायपो म्हणजे त्वचेला छोटी भोकं पाडून नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, ते करून पेशंट घरी येतो, रात्री पॅड भिजून चादरीवर पातळ कोकम सरबतासारखं पाणी पसरतं, बघितलं तर भोकाला टाकाच नाही, आणि घरचे हादरतात की डॉक्टर विसरले की काय. बहुतेक वेळा विसरलेले नसतात, मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं, आणि त्यामागचं कारण कळायला थोडं मागे जावं लागतं.

1920 च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल द्युजारिए या सर्जनने एका डान्सरचे पाय बारीक करायला गर्भाशय खरवडायचं क्युरेट वापरलं, गँगरीन झालं आणि पाय कापावा लागला, त्यानंतर बरीच वर्षं कोणी धजावलं नाही. 1970 च्या दशकात रोममध्ये अर्पाद आणि जॉर्जो फिशर या बापलेकांनी छोट्या छेदातून चरबी ओढून काढायला सुरुवात केली, मग 1977 मध्ये पॅरिसला इव्ह-जेरार इलूझने बोथट टोकाची नळी आणली, त्याला एका पेशंटच्या पाठीवरची चरबीची गाठ मोठा व्रण न ठेवता काढायची होती. तेव्हा नळ्या आजच्यापेक्षा बऱ्याच जाड, त्यामुळे छेदही मोठा, आणि छेद दिला म्हणजे टाका घालायचाच, यात विचार करण्यासारखं कुणाला काही वाटलंच नाही.

खरा फरक पडला तो 1980 च्या दशकात, कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांच्यामुळे. त्यांनी खूप पातळ केलेलं लिडोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि एपिनेफ्रिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) घातलेलं सलाइन चरबीत भरपूर भरायला सुरुवात केली, 1987 मध्ये ते छापून आलं, यालाच ट्युमेसंट टेक्निक म्हणतात. पूर्ण भूल नको, रक्तस्राव एकदम कमी, पण कित्येक लिटर पाणी आत जातं आणि सक्शनने सगळं काही बाहेर येत नाही, मग उरलेलं जाणार कुठे? टाके घालून दार बंद केलं तर ते आतच राहतं, सूज रेंगाळते, काळंनिळं पसरतं, कधी सेरोमा होतो म्हणजे आत पाण्याची पिशवीच तयार होते.

म्हणून क्लाइननी भोकं उघडी ठेवायला सांगितलं, आणि भोकाच्या आकाराचाही विचार केला, जो मला सगळ्यात आवडतो. ब्लेडने दिलेल्या चिरेच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि वाट लवकर बंद होते, बायोप्सीच्या पंचने, म्हणजे त्वचेचा छोटा गोल तुकडा काढायच्या हत्याराने, पाडलेलं 1 ते 2 मिलिमीटरचं गोल भोक मात्र थोडा वेळ उघडं राहतं आणि नंतर टाक्याशिवाय भरून येतं. काही भोकं खालच्या बाजूला पाडायची म्हणजे पाणी आपसूक उतरतं. वरून जाड पॅड आणि घट्ट पट्टा, पाणी थांबलं की पट्टा सैल.

सगळे सर्जन हे मानत नाहीत. जाड नळी वापरली किंवा भोक दिसण्याजोग्या जागी असलं तर व्रणाची काळजी असते, तिथे टाका घालणारे आहेत, आणि कितीतरी जण वरची भोकं शिवतात, खालची मोकळी सोडतात. त्यामुळे आपली कुठली भोकं उघडी राहणार आणि पाणी साधारण किती येणार, हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, लाल पाणी दिसलं तरी ते बरंचसं आत भरलेलं सलाइन असतं, पण घट्ट लाल रक्त येत राहिलं, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करा.