आशियाई शहामृग
आशियाई शहामृग ही न उडणाऱ्या पक्ष्याची नामशेष झालेली जाती. शास्त्रीय नाव स्ट्रुथिओ एशियाटिकस. हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या जीवाश्मांवरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फॉन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७१ मध्ये हे नाव दिले. (मराठी नावातल्या ‘मृगा’चा हरणाशी संबंध नाही, फारसीत ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी, आपल्या तोंडी त्याचा मृग झाला.)

शिवालिकमधली हाडे लाखो वर्षांपूर्वीची आहेत. त्या मानाने अलीकडे, उत्तर पुराश्मयुगातही (जुन्या दगडी हत्यारांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यात) भारतात शहामृग वावरत होते, हे कळते ते मुख्यतः अंड्यांच्या कवचांवरून. राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात मिळून चाळीसएक ठिकाणी असे तुकडे सापडले आहेत. कवच सुमारे २ मिलिमीटर जाड आणि घट्ट विणीचे असते. हाड विरून जाते अशा मातीतही ते टिकते. कोंबडीच्या अंड्याचे टरफल हाताळलेल्या माणसाला हा तुकडा फुटक्या बशीचा वाटावा. शिवाय कवचाचेच कार्बन-१४ पद्धतीने वय काढता येते. बहुतेक तुकडे २५ ते ४० हजार वर्षांपूर्वीचे ठरले.

यातला सर्वांत बोलका तुकडा महाराष्ट्रातला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात तो मिळाला. वय सुमारे २५ हजार वर्षे. त्यावर समांतर रेषा कोरून त्यांच्या मधल्या पट्ट्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी भरली आहे. ‘कोरीव’ म्हणून गाजलेल्या इतर अनेक तुकड्यांवरच्या रेषा मात्र झाडांच्या मुळांनी कवच खाल्ल्याने उमटलेल्या निघाल्या. पाटण्याची जाळी माणसाच्याच हातची. पाटणे आणि मध्य प्रदेशातल्या भीमबेटका येथे कवचाचे मणीही मिळाले आहेत. तुकड्याला दगडी टोच्याने भोक पाडायचे आणि कडा घासून तो गोल करायचा, अशी मणी करण्याची रीत.

२०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील संशोधकांनी राजस्थान व मध्य प्रदेशातल्या जुन्या कवचांतून डीएनए मिळवला. तो आजच्या आफ्रिकी शहामृगाशी जवळचा निघाला. त्यामुळे शिवालिकच्या हाडांना दिलेले नाव पाटण्याच्या कवचाला सरसकट लावणे आता धाडसाचे ठरते.