कन्फेशनची तयारी वेगळी, एक्झामेन वेगळे

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ फिरू लागते. वर ठळक अक्षरांत ‘संत इग्नेशियसचे एक्झामेन’ (इग्नेशियस म्हणजे सोळाव्या शतकात जेज्विट हा धर्मगुरूंचा संघ स्थापणारे स्पॅनिश संत) आणि खाली दहा आज्ञांवर बेतलेले पन्नास-साठ प्रश्न: रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली का, खोटी शपथ घेतली का, आईवडिलांना उलटून बोललात का. प्रश्नांबद्दल तक्रार नाही, तक्रार मथळ्याबद्दल आहे. ही विवेकबुद्धीची तपासणी झाली, कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, बसण्याआधी करायची. तिला एक्झामेन म्हटले की दोन गोष्टी घडतात. रोज रात्री कन्फेशनची तयारी करून माणूस आठवड्याभरात कंटाळतो. आणि दिवसभरात देव कुठे भेटला हे पाहण्याची जी साधी प्रार्थना हाताशी होती, म्हणजे खरे एक्झामेन, ती त्याला कधी कळतच नाही.

कन्फेशनची (गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात) तयारी आपल्याला पहिल्या कम्युनियनच्या वर्गापासून पाठ आहे. मागच्या कन्फेशनपासून आजपर्यंतचा काळ नजरेसमोर आणायचा, आज्ञा एकेक करून पाहायच्या, गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या आठवायची. ‘किती वेळा’ हा प्रश्न फादरांच्या कुतूहलापोटी येत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेन्ट इथल्या धर्मपरिषदेने 1551 साली घालून दिलेला तो नियम चर्चच्या आजच्या कॅनन कायद्यातही (कलम 988) आहे. मग पश्चात्ताप, निवेदन, प्रायश्चित्त. प्रॉटेस्टंट घरांत कन्फेशनची खुर्ची नसली, तरी प्रभुभोजनाआधी स्वतःला पारखण्याची रीत आहेच. पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात ती सांगितली आहे.

बाकीचे किरकोळ फरक एका दमात सांगून टाकतो. एक्झामेन रोजचे असते, कन्फेशनची तयारी अधूनमधून. एक्झामेनला धर्मगुरू लागत नाहीत. ते साक्रामेंत (चर्चचा पवित्र संस्कार) नव्हे, त्यामुळे त्यातून पापमुक्ती मिळत नाही आणि ते कन्फेशनची जागा घेत नाही. कुठल्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला ते करता येते. ह्यावर वाद घालणारे मला तरी भेटलेले नाहीत.

घोळाचे मूळ निम्मे भाषेत आहे. इग्नेशियस लिहीत स्पॅनिशमध्ये, आणि त्या भाषेत ‘कोन्सिएन्सिया’ ह्या एकाच शब्दात विवेक आणि जाणीव दोन्ही येतात. आपली गोष्ट निराळी. मराठीत विवेक वेगळा, जाणीव वेगळी, शब्द तयार आहेत. तरी आपण दोन्हींसाठी ‘आत्मपरीक्षण’ वापरून मोकळे होतो. हा शब्द मला एक्झामेनसाठी मुळीच पटत नाही. त्यात परीक्षा घेणारा मी आणि देणाराही मीच. ‘एक्झामेन’ ह्या लॅटिन शब्दाचा एक अर्थ आहे तराजूचा काटा. काटा कुणाची परीक्षा घेत नाही, पारडे कुठे झुकले एवढे दाखवतो. 139व्या स्तोत्रात भक्त देवालाच म्हणतो की तू माझे अंतःकरण तपासून पाहा. तिथे पाहणारा देव आहे, आपण त्याच्या शेजारी बसून पाहायचे.

उरलेले निम्मे मूळ खुद्द इग्नेशियसच्या पुस्तकात आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 1548 साली तिसऱ्या पॉल पोपनी मान्यता दिलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या पुस्तकाच्या 43व्या परिच्छेदात पाच मुद्दे आहेत: आभार, पापे ओळखण्याची कृपा मागणे, तासातासाचा हिशेब, क्षमा, सुधारणेचा निश्चय. लगेच पुढे जनरल कन्फेशनचा (आयुष्यभराच्या पापांच्या एकत्र कबुलीचा) विषय. म्हणून ‘दोन्ही एकच’ म्हणणाऱ्यांकडे पुरावा नाही असे नाही. पण त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे मनातल्या हालचाली ओळखण्याचे नियम आहेत, आणि 1544-45 मधली इग्नेशियसची जी डायरी उरली आहे, तिच्यात प्रार्थनेत कधी अश्रू आले, कधी गोडी वाटली, कधी ती आटली ह्याच नोंदी दिवसामागून दिवस भरल्या आहेत. जॉर्ज अॅशनब्रेनर ह्या अमेरिकन जेज्विटने 1972 साली एका लेखात हे दोन धागे जोडले आणि एक्झामेनला विवेकाऐवजी जाणिवेची प्रार्थना म्हटले. आज रिट्रीटमध्ये (प्रार्थनेच्या शिबिरांत) शिकवतात ते बव्हंशी हेच.

आता खरी गफलत. फरक विचारला की बहुतेक जण सांगतात, ‘कन्फेशनच्या तयारीत वाईट बघायचे, एक्झामेनमध्ये चांगले.’ हे सपशेल चूक. दोन्हींत वेगळा असतो तो कच्चा माल. कन्फेशनच्या तयारीत मी कृत्ये पाहतो आणि नियमाशी ताडतो. एक्झामेनमध्ये मी ओढ पाहतो: मन कशाने देवाकडे वळले, कशाने पाठ फिरवली, त्या वेळी पोटात-छातीत काय झाले.

एकच प्रसंग दोन्हींतून काढून पाहू. समजा, गावच्या जमिनीच्या वाटणीवरून दुपारी धाकट्या भावाचा फोन आला, आवाज चढले, आणि ‘सातबारा माझ्याकडे नाही’ असे धडधडीत खोटे सांगून झाले. विवेकबुद्धीची तपासणी विचारेल: खोटे बोललास? हो. किती वेळा? एकदा. जाणूनबुजून? हो. वाईट वाटते? वाटते. काम चोख झाले आणि संपले.

एक्झामेन त्याच फोनपाशी येते, पण अर्धा तास आधीपासून पाहत येते आणि संध्याकाळपर्यंत थांबते. फोनच्या आधी जेवताना भावाने लहानपणी सोलून दिलेले ताडगोळे उगाच आठवले होते, मन जरा मऊ झाले होते. फोनवरच्या पहिल्याच वाक्याला छाती आवळली. कशाची भीती वाटली? खोटे बोलल्यावर क्षणभर सुटल्यासारखे वाटले, पण तासाभराने चहा कडू लागला. संध्याकाळी पुतणीचा वाढदिवस आहे हे ध्यानात आले, हात फोनकडे गेला आणि परत आला. ह्या साखळीत देव कुठे? मला विचाराल तर ताडगोळ्यांत, आणि त्या न केलेल्या फोनच्या ओढीत. पापांच्या यादीत ह्या दोन्ही गोष्टींना जागाच नाही, कारण दोन्हींत पाप नाही. यादी करणारा माणूस त्यांच्यावरून न थांबता पुढे जातो. बायबलमधल्या अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनाही पुनरुत्थित येशू सोबत चालत असताना ओळखता आला नाही. भाकर मोडल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा वाटेत अंतःकरण पेटले होते हे त्यांना कळले. एक्झामेन ते मागे वळून पाहणेच रोज करते.

इथे दुसरा खड्डा लागतो. ‘बरे वाटले तिथे देव होता, वाईट वाटले तिथे नव्हता’ असा सोपा हिशेब लोक करतात. इग्नेशियसच्या भाषेत सांत्वन म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेम वाढवणारी हालचाल. रुक्षता म्हणजे ती आटवणारी. आपल्या पापाबद्दल आलेले रडू सांत्वन असू शकते. ऑफिसात कुणाची उणीदुणी काढताना आलेली मजा बहुधा रुक्षतेच्या वाटेवरची असते. ओळखायचे चवीवरून, आणि तेही नंतरच्या चवीवरून. 1521च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने पाय मोडून इग्नेशियस लोयोलाच्या वाड्यात महिनोन्महिने पडून होते, तेव्हा ते दोन प्रकारची दिवास्वप्ने पाहत. एक, राजघराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याचे. दुसरे, संतांसारखे अनवाणी जेरुसलेमला जाण्याचे. चालू असताना दोन्ही गोडच लागत. पहिले संपल्यावर मन कोरडे पडे, दुसरे संपल्यावरही आनंद मागे राही. एवढ्या एका निरीक्षणावर पुढची सगळी पद्धत उभी आहे.

करायचे कसे? पंधरा मिनिटे पुरतात, वीसच्या वर जाऊ नये. खुर्चीत बसून करा. अंथरुणात पडून केलेले एक्झामेन दुसऱ्या पायरीलाच घोरू लागते. रात्री डोळे मिटत असतील तर जेवणाआधी करा. जेज्विटांची रीत दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, अशी आहे.

पहिली तीन मिनिटे आभार, आणि तेही नेमके. ‘आरोग्यासाठी, कुटुंबासाठी धन्यवाद’ म्हणजे ठोकळेबाज अर्जाचा मायना. गर्दीच्या लोकलमध्ये कुणी सरकून चौथी सीट दिली, असे काहीतरी सांगा. पुष्कळांना हा भाग शोभेचा वाटतो आणि ते तो गाळतात. मग तिसरी पायरी हमखास आरोपपत्र होते. मात्र इथेच थांबून उठलात तर ती आभारांची डायरी झाली, एक्झामेन नाही.

मग मिनिटभर पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. तिसरी पायरी सात मिनिटांची: दिवस सकाळपासून पुढे सरकू द्यायचा. प्रत्येक तासाचा पंचनामा करू नका. जिथे मन स्वतःहून थबकते, टोचते किंवा उजळते, असे एक किंवा दोन क्षण धरा आणि तिथेच थांबून येशूला विचारा, ‘तू तेव्हा काय करत होतास?’ उत्तर आले नाही तरी प्रश्न विचारायचाच, नाहीतर ही पायरी स्वतःशीच गप्पा मारण्यात जाते. काहीच आठवत नसेल तर ठिकाणांवरून जा: स्वयंपाकघर, जिना, स्टेशन, टेबल.

त्यानंतर दोन मिनिटे क्षमा किंवा दुरुस्ती, त्या पकडलेल्या क्षणापुरतीच. शेवटची दोन मिनिटे उद्यासाठी, आणि निश्चय एवढा लहान हवा की त्याला वेळ देता येईल. ‘उद्यापासून भावाशी प्रेमाने वागेन’ हा निश्चय नव्हे. ‘उद्या साडेनऊला पुतणीला फोन’ हा निश्चय. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’.

दोन इशारे. ज्यांना प्रत्येक गोष्टीत पाप दिसते, कन्फेशनहून घरी पोचेपर्यंत ‘एक सांगायचे राहिले’ म्हणून ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांनी त्या साठ प्रश्नांच्या पीडीएफच्या वाटेला जाऊ नये आणि एकाच धर्मगुरूंचा सल्ला धरून राहावे. इग्नेशियस स्वतः स्पेनमधल्या मान्रेसा गावी ह्या आजाराने इतके पोळले होते की जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. दुसरे, आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, ह्याला ‘रुक्षता’ म्हणून प्रार्थनेवर ढकलू नका. डॉक्टरांकडे जा, प्रार्थना सोबत चालू राहील.

‘विशेष एक्झामेन’ नावाचा तिसरा प्रकारही आहे. एकच दोष निवडायचा, तो घडला की छातीवर हात ठेवायचा, दुपारी आणि रात्री रेघेवर ठिपके मांडून मोजायचे. सवय मोडायला ते उत्तम हत्यार आहे, पण ह्या चर्चेत त्याला ओढले की गोंधळ तिपटीने वाढतो, म्हणून इथे एवढेच.

शनिवारी संध्याकाळी कन्फेशनला जायचे असेल आणि दोन्ही एकाच दिवशी करायची असतील, तर एक्झामेन आधी करा आणि मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. मग आज्ञा समोर घेऊन बसलात की ‘खोटे बोललो, एकदा’ ह्याच्या जोडीला एक वाक्य आपोआप येईल: ‘आणि फोन करावासा वाटत असून केला नाही.’ फादरांना दोन्ही सांगा.