जुन्या खिडक्यांची काच खाली ओघळत नाही

चर्चच्या जुन्या रंगीत खिडक्या दाखवताना गाइड हमखास सांगतो: काच हा मुळात द्रव, शेकडो वर्षं हळूहळू ओघळतोय, म्हणून तावदानं खालच्या बाजूला जाड झालीत. गोष्ट झकास आहे, पण खोटी.

जाडीतला फरक खरा, फक्त तो पहिल्या दिवसापासूनचा. जुन्या एका पद्धतीत फुंकून केलेला काचेचा फुगा दांड्यावर घेऊन, पुन्हा तापवून गरगर फिरवत. बघता बघता त्याची मोठी थाळी व्हायची: मधोमध जाड डोळा, बाकी जाडी कमी-जास्त. तिच्यातून तावदानं कापली जात. अशा तावदानावर तिरका उजेड पाडला की फिरवल्याच्या कमानदार लाटा आजही दिसतात. बसवणारा बहुधा जाड कड खाली ठेवायचा. पण ती वर किंवा बाजूला असलेली तावदानंही सापडतात. ती काय वर ओघळली?

2017 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या जुन्या चर्चमधल्या मध्ययुगीन काचेसारखी काच बनवून संशोधकांनी हिशेब मांडला: नेहमीच्या तापमानाला अब्जभर वर्षांत ती जेमतेम 1 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, सरकेल.

गंमत म्हणजे खिडकीत सरकणारी वस्तू आहे, ती म्हणजे शिसं. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वजनाने, उन्हाने दमतात, चौकट पोटासारखी फुगते. दुरुस्ती करणारे कारागीर आजही ती उतरवतात, आडवी ठेवून सपाट करतात आणि गरज पडली तर नव्या शिशात बांधतात. काच बहुतेकदा तीच राहते.